पंचमाशिवाय

इंदू गेल्याचं भालचंद्र मेस्त्रींना कळलं, तेव्हा ते तिच्याच पेटीची रीड खरवडत होते.

ती इस्पितळात आणि ते घरी, पुढच्या खोलीतल्या पेट्यांच्या दुकानात, यात तसं वावगं काही नव्हतं. हृदयाची एक झडप बदलायची होती. आताशा ते काम यंत्राचे हात करत आणि डॉक्टर काचेपलीकडे बसून लक्ष ठेवत. ऋजुता, त्यांची मुलगी, पुण्याहून आलेली होती. सकाळी इंदूनंच नवऱ्याला पिटाळलं होतं.

"इथं बसून माझ्या तोंडाकडं काय बघताय? माझ्या पेटीचा पंचम चढलाय, तो उतरवून ठेवा जावा. बारशाला गायचंय मला."

"कुणाच्या बारशाला?"

"कुणाच्या तरी असेलच की. सांगलीत पोरं जन्माला यायची थांबलीत काय?"

पेटीच्या पोटात प्रत्येक सुराची एक पितळी जीभ असते, तिला रीड म्हणतात. भात्याचा वारा लागला की ती थरथरते आणि सूर निघतो. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. भालचंद्र मुळाशी खरवडत होते. फोन वाजला, त्यांनी तो टेबलावर ठेवूनच बोलता केला.

"बाबा," ऋजुता म्हणाली. "बाबा, आई गेली."

त्यांना ते ऐकू आलं. पण हात चालूच राहिला. थांबला तेव्हा पितळेचा भुगा अंगठ्याला लागला होता आणि पंचम पार खाली गेला होता.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं, "हजारात एखाद्या पेशंटला असं होतं, मेस्त्री. कुणाचीच चूक नाही."

चूक असती तर बरं झालं असतं, असं भालचंद्रांना वाटलं. भांडता तरी आलं असतं. हजारात एक म्हणजे नऊशे नव्याण्णव बायका घरी जाऊन चहा पीत असणार. मग ही एक इंदूच का? ते भाजी आणायला गेले तरी तोच आकडा, अंघोळीला बसले तरी तोच. झोप गेली ती गेलीच.

तेराव्याला घनवट सर आले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा तरणा मुलगा अपघातात गेला होता. त्यानंतर त्यांनी 'रचयिता मंडळ' काढलं. देव आहे हे आता विज्ञानानंच सिद्ध झालंय, असं ते गावोगाव सांगत. त्या वर्षांत अशी मंडळं बरीच निघाली होती आणि त्यांच्या सभांना देवळांपेक्षा गर्दी असे.

"मेस्त्री, हे जग चालायला पंचवीसेक आकडे लागतात," सर म्हणाले. "गुरुत्वाकर्षण किती, विजेची ओढ किती, अणूच्या गाभ्याला बांधून ठेवणारी ओढ किती. ही शेवटची ओढ जराशी कमी असती तर गाभे जुळलेच नसते. नुसता हायड्रोजन. ना माती, ना झाड. जराशी जास्त असती तर हायड्रोजन सुरुवातीलाच संपला असता. मग पाणी कुठून? सगळे आकडे अगदी केसाच्या अंतरावर बरोबर बसलेत. आपोआप बसतील?"

"नाही बसणार."

"तुमची पेटी आपोआप लागते?"

"कशी लागेल?"

"मग झालं. कुणीतरी हे लावलंय. आणि जो एवढं बारीक लावतो, तो हजारातली चिठ्ठी डोळे मिटून उचलत नाही. इंदूताईंना नेलं त्याला कारण असणार. आपल्याला कळत नाही, एवढंच."

त्या दिवशी दुपारीच भालचंद्र जे झोपले, ते दिवेलागणीला उठले.

पुढं ते सरांबरोबर जाऊ लागले. तासगाव, विटा, जत, इस्लामपूर. सर आकडे सांगत आणि शेवटी म्हणत, "मेस्त्री, दाखवा." भालचंद्र इंदूची पेटी समोर घेत; तिचा खाली गेलेला पंचम त्यांनी पुन्हा लावून घेतला होता. षड्ज आणि पंचम एकत्र धरत. सूर एकमेकांत मिसळत, सभा शांत होई. मग ते रीडची फळी बाहेर काढत, पंचमाची रीड टोकाशी कानशीनं किंचित खरवडत, फळी परत बसवत आणि तेच दोन सूर पुन्हा धरत. आता त्यांत लाटा उठत, कानाला ते करकरे. लोक तोंडं वेडीवाकडी करत.

"केसाएवढं हललं," सर हात वर करून म्हणत. "फक्त केसाएवढं!"

मग भालचंद्र मुळाशी खरवडून पंचम जागेवर आणत. सूर मिळाला की पुढच्या रांगेतली एखादी म्हातारी हात जोडे.

टोकाला खरवडलं की मुळाला, मुळाला की टोकाला. सूर परत येतो. पितळ परत येत नाही. हे भालचंद्रांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? दुसरी कुठलीही जुनी पेटी नेता आली असती. पण इंदूच्या पेटीचा पंचम जागेवर आला की क्षणभर वाटायचं, गेलेलं परत येतं. त्या क्षणासाठी ते रीड पातळ करत राहिले.

वर्षश्राद्धाच्या तीन-चार दिवस आधी ऋजुता आली. दार उघडताच तिनं आधी पेटी पाहिली, मग बापाकडं.

"रविवारी सभा आहे म्हणे. आईच्या श्राद्धाच्याच दिवशी?"

"सकाळी श्राद्ध, संध्याकाळी सभा. मोठी आहे. बाहेरून गाड्या येणारेत."

"काय दाखवणार?"

"नेहमीचंच."

"एकच रीड हलवून?"

"मग काय सगळ्या हलवू?" भालचंद्र हसले. ती हसली नाही. ती पेटीपाशी बसली आणि तिनं पट्ट्यांची अख्खी ओळ दोन घरं डावीकडं सरकवली. खट्ट आवाज आला. ही सोय असलेली पेटी भालचंद्रांनी इंदूसाठी मुद्दाम बनवली होती. इंदूचा आवाज वयाप्रमाणं उतरत गेला, काळी पाचवरून काळी चारवर, आणि शेवटी दम पुरेना तेव्हा पांढरी चारवर. गाणं तेच, बोटं त्याच पट्ट्यांवर. फक्त ओळ सरकवायची.

ऋजुतानं साधं सारेगम वाजवलं. पंचमाची खरवडलेली रीड आता धैवताच्या पट्टीखाली आली होती; तेवढा सूर जरा थकल्यासारखा वाटला, बाकी सगळं सुरात होतं.

"आता सगळेच सूर हलले की नाही, बाबा? बिघडलं काही?"

"मला शिकवू नकोस. ही पेटी मी बनवलीय."

"म्हणूनच विचारतेय. मग लोकांना हे का दाखवत नाही?"

"सरांनी कधी विचारलं नाही."

ती पुण्याला एका संशोधन केंद्रात होती. तिथल्या यंत्राला सगळे 'चाळण' म्हणत. भालचंद्रांना त्यातलं एवढंच ठाऊक होतं की ते यंत्र खोटी विश्वं बनवतं. आता ती सांगू लागली आणि ऐकण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

"आजवर लोक एकेक आकडा हलवून बघत होते, कारण एका वेळी सगळे हलवले की हिशेब कुठल्या कॉम्प्युटरला झेपायचा नाही. एक हलवला की विश्व कोसळायचं, म्हणून वाटायचं की आपलं विश्व म्हणजे सुईच्या टोकावर उभं आहे. चाळणीला सगळे एकदम हलवता येतात. आम्ही कोट्यवधी विश्वं चालवून बघितली, जन्मापासून तारे विझेपर्यंत. सहा-सातांमागे एकात तारे नीट जळतात, ग्रह होतात, गुंतागुंतीचे रेणू होतात. आपल्यासारखे नाहीत, पण होतात. काही विश्वांत तर एक अख्खी ओढच नव्हती, शून्य. तरी तारे पेटले. मी तीनदा तपासलं. बाबा, सुईचं टोक नाहीये ते, माळरान आहे."

भालचंद्रांनी पेटीची ओळ परत जागेवर सरकवली.

"म्हणजे देव नाही?"

"तसं आम्ही म्हटलेलंच नाही. यंत्राला तो प्रश्न विचारताच येत नाही. एवढंच, की त्याच्या बाजूनं हे आकडे साक्ष द्यायला उभे होते, त्यांची साक्ष आता धरता येणार नाही."

"सर म्हणतात, असं जग आपोआप होण्याची शक्यता एकावर शंभर शून्यं, त्यातली एक."

"कशात एक, बाबा? डॉक्टर हजारात एक म्हणाले, ते बरोबर होतं. कारण तशी हजारो ऑपरेशनं आधी झाली होती, मोजली होती. विश्व एकदाच झालंय. दुसरं कुणी पाहिलंय? एकाच चिठ्ठीवरून डब्यात किती चिठ्ठ्या होत्या ते कसं सांगणार?"

भालचंद्रांनी पेटीचा भाता मिटवला.

"म्हणजे खरा आकडा एकच," ते म्हणाले. "तुझ्या आईचा."

ऋजुतानं कुर्त्याची बाही डोळ्यांना लावली, अगदी इंदू पदर लावायची तशी.

"कधी सांगणार हे सगळ्यांना?"

"रविवारी सकाळी."

"त्याच दिवशी?"

"तारीख मी ठरवली नाही."

"थांबवता येईल का, ऋजू?"

त्यांनी आयुष्यात मुलीकडं काही मागितलं नव्हतं. तिनं मान खाली घातली.

"दीड महिना थांबवलंय, बाबा. पुन्हा तपासायचंय, पुन्हा तपासायचंय असं खोटं सांगत राहिले. तुम्ही झोपायला लागला होता ना, म्हणून. आता जपानातला ओसाकाचा गट तिथंच पोचलाय. माझं नाव गेलं तर जाऊ दे. पण माझ्या हाताखालच्या पोरांनी चार वर्षं घातलीत त्यात."

"मग थांबू नको," भालचंद्र म्हणाले आणि उठले. दारातून वळून त्यांनी विचारलं, "श्राद्धाला जेवायला तरी असशील, का पत्रकारांना मुलाखती देत बसशील?"

ते असं बोलायला नको होतं. पण बोलून झालं होतं.

बातमी रविवारच्या आधीच फुटली. शनिवारी सकाळपासून फोन सुरू झाले. कुणी ओळख न देता म्हणे, "मेस्त्री, पोरीला आवरा." कुणी रडत विचारी, "तुमच्या मुलीला विचारा ना, नक्की आहे का हो?" ते रडणारे फोन जास्त वाईट होते. मंडळाचा एक कार्यकर्ता दुकानासमोर येऊन नुसता उभा राहिला. भालचंद्रांनी दिवसाढवळ्या आतून कडी घातली. ऋजुता कोपऱ्यावर दूध आणायला गेली, तर ती येईपर्यंत ते खिडकीशी उभे होते.

"कोण खाणार आहे मला?" ती म्हणाली.

"तू गप बस."

कडी का घातली ते त्यांनी तिला सांगितलं नाही, पण त्यांना भीती लोकांची कमी होती. भीती स्वतःची होती. उद्या सर म्हणतील, 'मेस्त्री, दाखवा,' आणि ते दाखवतील. मुलगी खाली बसलेली असताना, तिचं सगळं ऐकून झालेलं असताना, ते तिला शेकडो लोकांसमोर खोटं पाडतील. आणि नाही दाखवलं, तर पुन्हा ते नऊशे नव्याण्णव चहाचे कप.

रविवारी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि भालचंद्र मागं सरतात न सरतात तोच कावळा शिवला. शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, "बघा, सुखात आहे. काही इच्छा राहिली नाही तिची."

एक राहिलीय की, असं भालचंद्रांच्या मनात आलं. बारशाला गायचं होतं तिला. कावळ्याला ते ठाऊक नसावं.

ऋजुता जेवायला होती. मुलाखती तिनं सोमवारवर ढकलल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी एका बाजूचा कान, म्हणजे कडी, धरून पेटी उचलली तसा तिनं दुसरा कान धरला.

"तू येऊ नकोस."

"जड आहे, बाबा. तुमच्यानं होणार नाही एकट्याच्यानं."

सभागृह तुडुंब भरलं होतं. पण नेहमीची गर्दी वेगळी, ही वेगळी. नेहमी लोक ऐकायला येत. आज ते विचारायला आले होते. घनवट सर नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होते आणि कागदावरचे आकडे चुकत होते. मध्येच तिसऱ्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. बाई पस्तिशीची असेल.

"सर, आकडे राहू द्या. सकाळी टीव्हीवर सांगितलं ते खरं का खोटं? तुम्ही म्हणाला होता, माझी छकुली ज्यानं नेली त्याला कारण ठाऊक आहे. आता कुणाला ठाऊक आहे?"

सर पाणी प्यायले. ते भालचंद्रांकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते भालचंद्रांनी याआधी फक्त आरशात पाहिलं होतं.

"मेस्त्री," सर म्हणाले, "दाखवा."

भालचंद्रांनी षड्ज आणि पंचम धरला. सभा शांत झाली. त्यांनी फळी काढली, टोकाशी कानस फिरवली, फळी बसवली. सूर करकरला. लोकांनी तोंडं वाकडी केली, आणि त्याच वेळी हायसंही वाटल्याचा एक आवाज सभेतून आला. केसाएवढं हललं की बिघडतं. म्हणजे अजून तसंच आहे सगळं.

भालचंद्रांनी पुन्हा फळी काढली आणि मुळाशी कानस लावली. पहिल्याच फेऱ्याला टक् असा बारीक आवाज झाला. पितळेची जीभ मुळापासून तुटून टेबलावर पडली.

पुढच्या रांगेत कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. भालचंद्रांनी फळी बसवली आणि सवयीनं पंचमाची पट्टी दाबली. नुसता वारा आला.

सर पुढं झाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "बघा! एक सूर गेला. फक्त एक! आता या पेटीतून गाणं निघेल काय? मेस्त्री, तुम्हीच सांगा."

नाही म्हणायचं, एवढंच होतं. नुसतं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. सभा तेवढ्यावर घरी गेली असती, सर वाचले असते, ती बाई वाचली असती आणि ते स्वतःही आज झोपले असते. भालचंद्रांनी खाली पाहिलं. ऋजुता भिंतीला टेकून उभी होती. ती त्यांच्याकडं पाहत नव्हती. पाहिलं तर बापावर जोर येईल, म्हणून ती जमिनीकडं पाहत होती. लहानपणी ते रीड लावत असताना ती अशीच बाजूला बसायची, त्यांचा कान विचलित होऊ नये म्हणून.

त्यांनी भाता ओढला आणि मालकंस धरला. इंदू पहाटे झाडलोट करताना त्यातलं एक भजन म्हणायची. मालकंसात पंचम लागत नाही. मुळातच वर्ज्य आहे. बोटं पंचमाच्या पट्टीवरून नुसती ओलांडून जात राहिली. भजन सगळ्यांच्या ओळखीचं होतं. दुसऱ्या कडव्याला मागून दोघं-चौघं म्हणू लागले, मग आणखी काही. सगळे नाही म्हणाले. बरेच जण नुसते बसून राहिले.

भजन संपलं. ती बाई अजून उभीच होती.

"ह्यात तो तुटलेला सूर कुठं होता?"

"ह्यात तो लागत नाही, ताई."

"मग?" ती म्हणाली. "मग माझ्या छकुलीचं?"

"ते मला ठाऊक नाही," भालचंद्र म्हणाले. "माझ्या बायकोचंही ठाऊक नाही. ठाऊक आहे असं मी वर्षभर दाखवत होतो."

बाई खाली बसली. तिच्या शेजारणीनं तिचा हात धरला. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. लोक हळूहळू उठले.

सभागृह रिकामं झाल्यावर घनवट सर व्यासपीठाच्या पायरीवर येऊन बसले.

"तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं, मेस्त्री?"

"मालकंस? पेटीवाल्याला ठाऊक नसून कसं चालेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीही कॉलेजात तीस वर्षं शिकवलंत, सर."

"एकच एक आकडा हलवायचा, हे मलाही खटकायचं," सर म्हणाले. "पण पोरगा गेल्यावर खटकायचं थांबलं." मग त्यांनी ऋजुताकडं पाहिलं, आणि जुना मास्तर त्यांच्यात जरासा जागा झाला. "पण बाळ, एक सांग. पेटीची ओळ सरकते, ती सोय तुझ्या बाबांनी केली म्हणून. तुमचं ते माळरान कुणी केलं?"

"तो प्रश्न आहेच, सर," ऋजुता म्हणाली. "त्याचं उत्तर आमच्याकडं नाही. फक्त तो आकड्यांनी सुटलाय असं म्हणता येणार नाही."

"हं." सर उठले. गुडघे धरून उठले. "पुढच्या महिन्यात विट्याला बोलावलंय लोकांनी. आता काय सांगायचं तिथं, ते मला ठाऊक नाही. मेस्त्री, याल का?"

"पेटी आणीन. कानस नाही आणणार."

घरी येताना पेटीचा एक कान ऋजुताच्या हातात होता, एक भालचंद्रांच्या. कोपऱ्यावर ती म्हणाली, "मघाशी मला वाटलं, तुम्ही गप्प बसाल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. नंतरही बरेच दिवस आली नाही. ते नऊशे नव्याण्णव कप परत आले. आता भालचंद्र त्यांना हाकलत नाहीत. आले की बसू देतात. ऋजुता रोज फोन करते. कधी यंत्राचं सांगते, कधी तिनं केलेली आमटी बिघडल्याचं.

गुजरातेतल्या पालिताण्याहून नव्या रीडा येऊन पडल्या आहेत. मेस्त्रींनी त्यातली एक निवडून बाजूला काढून ठेवली आहे. पेटी दुकानात समोरच्या फळीवर आहे. पंचम अजून बसवायचा आहे.